पांढऱ्या कड्याचं वाक्य

बाबा हल्ली माणसाशी बोलताना त्याच्या चेहऱ्याकडे बघत नसत. त्याच्या डाव्या कानाच्या बाहेर, साधारण वीतभर अंतरावर, हवेत एक जागा होती; तिथे बघत. समोर धक्क्यावरचा अधिकारी असो की एखादं लहान मूल, जागा तीच. बोटीवर येणाऱ्या पाहुण्यांना त्याचं फार कौतुक वाटे. कप्तानाची नजर कशी सारखी क्षितिजावर लागलेली असते बघा, असं ते एकमेकांना सांगत आणि फोटो काढत.

लेकीला त्यामागचं कारण माहीत होतं. डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध जेमतेम पाच मिलिमीटरचा एक भाग असतो. वाचणं, चेहरा ओळखणं, सुईत दोरा ओवणं, सगळं त्या एवढ्याशा जागेच्या जिवावर चालतं. बाबांच्या दोन्ही डोळ्यांतला तो भाग हळूहळू मरत चालला होता. मधलं पुसलं जात होतं, कडेचं शिल्लक होतं. डॉक्टरांनी तिला कागदावर वर्तुळ काढून हे समजावलं होतं आणि शेवटी पेनाला टोपण लावत म्हणाले होते, "बोट चालवतात ना हे? ते आता थांबवावं लागेल. मी सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरकडे जातील. तुम्ही घरच्यांनी सांगा."

त्याला आता दोन मोसम होऊन गेले होते.

घरच्यांनी म्हणजे नेमकं कोणी, हेच ठरत नव्हतं. दूरच्या शहरात नोकरी करणारा मोठा भाऊ फोनवर म्हणायचा, "तू रोज त्यांच्याबरोबर असतेस. तुझंच ऐकतात ते. मी सांगितलं तर म्हणतील, आला मोठा शहाणा, फोनवरून शिकवायला." आई म्हणायची, "हा मोसम जाऊ दे गं." आणि हा मोसम गेला की म्हणायची, "आता बोट बंदच आहे, आत्ता कशाला विषय काढायचा?"

त्या दिवशी सकाळीही तेच झालं. आई तिकिटाच्या खिडकीमागे बसून पाहुण्यांची यादी तपासत होती. लेक मायक्रोफोनची वायर गुंडाळत बाजूला उभी होती.

"आज एकोणीस जण आहेत," आई म्हणाली. "एक छोटी मुलगी आहे, तिला आधी उलटीची गोळी दे. तिच्या बापाला नको विचारूस, तो म्हणेल काही होत नाही तिला."

"आई, आज परत आल्यावर बोलशील त्यांच्याशी?"

"मी?" आईनं चष्मा कपाळावर चढवला. "चाळीस वर्षांत त्यांनी माझं एक ऐकलंय, ते लग्नाला हो म्हणाले तेव्हा. त्यानंतर दुकान बंद."

लेकीला हसू आलं. आईला सगळं हसण्यावारी नेता यायचं, आणि त्यामुळेच तिच्याशी भांडता यायचं नाही.

"तू सांग," आई मग खालच्या आवाजात म्हणाली. "पण गोड बोलून सांग. बोटीवरून उतरवलं तर ते घरात काय करतील, ते आधी ठरव आणि मग सांग."

लेक दोन वर्षं तेच ठरवत होती. बाबा घरात काय करतील? त्यांना वर्तमानपत्र वाचता येत नव्हतं, टीव्हीवर सगळ्या माणसांची डोकी गायब असायची. चहा कपात ओतताना ते आवाजावरून अंदाज घेत. पण बोटीवर पाय ठेवला की वाकलेली पाठ सरळ व्हायची. तिथे ते आजारी नव्हते. तिथे ते कप्तान होते.

ती धक्क्यावर आली तेव्हा इंजिनकाका बोटीच्या मागच्या भागात गुडघ्यांवर बसून तेल तपासत होते. वीस वर्षं ते बाबांबरोबर होते. त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर सोडलं तर कोणी वापरत नसे.

"ताई, आज ऊन फार चकाकतंय," ते मान वर न करता म्हणाले.

"हो ना."

"पाणी नुसतं आरशासारखं झालंय. आवाज जरा चढा ठेवा आज."

एवढंच. त्यापलीकडे काका कधी बोलले नव्हते आणि तिनंही कधी विचारलं नव्हतं.

आवाजाची ही गोष्ट ठरवून सुरू झालेली नव्हती. दोन मोसमांपूर्वी, डॉक्टरांकडे जाऊन आल्यानंतरच्या आठवड्यात, एके दिवशी समुद्रावर धुकं होतं. ती नेहमीप्रमाणे सुकाणूच्या चाकाच्या खोलीच्या दाराशी, पाहुण्यांकडे तोंड करून उभी होती. मागे वळून बघितलं तर पाणकावळ्यांचा खडक नको तितका जवळ आला होता. बाबांना ओरडून सांगावं तर एकोणीस-वीस माणसांदेखत कसं सांगणार? ती मायक्रोफोनवर म्हणाली, "मंडळी, आता उजव्या हाताला, अगदी तीस मीटरवर, पाणकावळ्यांचा खडक दिसतोय." आणि तिला पाठीमागे चाक फिरल्याचा आवाज आला. बोट डावीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी धुकं नव्हतं. तरी तिनं ते वाक्य पुन्हा म्हटलं, शंभर मीटर आधी. मग हळूहळू वाक्यं वाढली. दोन सुळके कधी येतात, पाण्यावर तरंगणारा खुणेचा लाल बोया कुठल्या हाताला आहे, समोरून मासेमारीची बोट येतेय का, लाट कुठून येतेय. पाहुण्यांना वाटे, ही आपल्याला निसर्ग दाखवते आहे. पाहुण्यांच्या अभिप्रायाच्या वहीत कोणीतरी लिहिलं होतं, "गाइडबाई फार माहिती देतात. मात्र डावं-उजवं इतक्या वेळा सांगतात की कवायतीला आल्यासारखं वाटतं."

या सगळ्या वाक्यांत पांढऱ्या कड्याचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. कडा उजवीकडे यायचा आणि तिथून डावीकडे वळलं की खोल पाण्याची वाट सापडायची. वळलं नाही, तर समोर सीलची खाडी. पाणी उथळ, आणि या दिवसांत तिथे माद्या पिल्लांना घेऊन असत. पन्नास मीटरच्या आत कोणतीही बोट न्यायची नाही, हा नियम. अभयारण्याच्या कचेरीनं तो फलकावर लिहायच्या कितीतरी आधी, तो बाबांनीच या धक्क्यावरच्या बोटवाल्यांच्या गळी उतरवला होता. एकेकाच्या दारात जाऊन, भांडून.

त्या दिवशी बोट निघाली तेव्हा बाबा मजेत होते. ते चाकाशी उभे राहून अंगाला वारा लागू देत होते. बंदराबाहेर पडल्यावर दहाएक मिनिटांनी त्यांनी नाक वर केलं.

"काय गं छोटी, वास येतोय का?" त्यांनी दाराशी रेंगाळणाऱ्या मुलीला विचारलं.

"शी! कसला घाण!"

"घाण? अगं, पाणकावळ्यांचं घर आलं. चारशे पक्षी, आणि एकालाही संडास बांधायची अक्कल नाही."

मुलगी खिदळली. तिचा बापही हसला. लेकीनं मायक्रोफोन तोंडाशी धरला. "उजव्या हाताला, साडेतीनशे मीटरवर, पाणकावळ्यांचा खडक. आपण त्याच्या डावीकडून जाणार आहोत." चाक किंचित फिरलं. खडकावर पक्षी पंख पसरून उभे होते, दोरीवर वाळत घातलेल्या काळ्या छत्र्यांसारखे. त्यांच्या पंखांना पुरेसं तेल नसतं, त्यामुळे ते भिजतात, आणि म्हणूनच त्यांना खोल बुडी मारता येते, असं तिनं सांगितलं. ते सांगत असताना तिचं लक्ष पक्ष्यांवर नव्हतं. ते समोरच्या पाण्यावर होतं. गेली दोन वर्षं तिनं एकही पक्षी पक्षी म्हणून बघितला नव्हता. खडक, बोया, सुळके, अंतर; सगळं मोजायचं, बोलायचं आणि मागच्या चाकाचा आवाज ऐकायचा.

दोन सुळके गेले. डाव्या हाताला डॉल्फिनची एक टोळी दिसली आणि सगळे त्या कडेला धावले. इंजिनकाका ओरडले, "अहो, सगळे एका बाजूला नका जाऊ, डॉल्फिन काही पळून जात नाहीयेत!" आणि डॉल्फिन लगेच पळून गेले. त्यावर बराच वेळ हशा चालला.

पुढच्या बाकावर एक म्हातारी बाई एकटीच बसली होती. तिच्या गळ्यात दुर्बीण होती, पण ती तिनं एकदाही डोळ्यांना लावली नव्हती. सगळ्यांचं हसणं थांबल्यावर ती लेकीला म्हणाली, "बाई, तुम्ही आम्हाला सकाळपासून किती दाखवताय. तुम्हाला स्वतःला यातलं काय आवडतं?"

असं तिला कोणी विचारलं नव्हतं. पाहुणे विचारत की शौचालय कुठे, परत किती वाजता, देवमासा दिसेल का. तिनं मायक्रोफोन खाली केला.

"हसाल तुम्ही," ती म्हणाली.

"नाही हसणार. सांगा."

"खडकावर एक शंख असतो. टोपीसारखा, एवढासा." तिनं अंगठा आणि तर्जनी जोडून दाखवलं. "त्याच्याकडे कोणी बघतसुद्धा नाही. भरतीच्या वेळी तो शेवाळ खात खडकावर फिरतो. आणि ओहोटी लागायच्या आत परत येतो. कुठेही नाही, बरोबर आपल्या जागेवर. त्याच्या कवचाची कड त्या जागेच्या खाचाखोचांप्रमाणे झिजलेली असते. दुसऱ्या कुठल्याही जागेवर तो नीट बसत नाही, फट राहते, आणि उन्हात वाळून जातो. मी कॉलेजात असताना एका खडकावरच्या साठ शंखांना रंगाचे ठिपके लावले होते आणि तीन महिने रोज बघायला जायचे. एके दिवशी त्यातला बावन्न नंबरचा..."

ती हातांनी दाखवत होती. तिचा चेहरा उजळला होता. बावन्न नंबरच्या शंखाची हकीकत लांब होती आणि म्हातारी बाई पुढे झुकून ऐकत होती.

"ताई!" मागून इंजिनकाकांची आरोळी आली.

ती वळली. पांढरा कडा उजवीकडे नव्हता. तो मागे गेला होता. समोर उथळ हिरवं पाणी होतं आणि त्या पाण्यात गोल, काळी, ओली डोकी होती.

"डावीकडे!" ती म्हणाली. मायक्रोफोन हातात खालीच होता. "बाबा, डावीकडे, पूर्ण!"

चाक गरकन फिरलं. बोट वळली, पण बोट काही सायकल नव्हे. तिला वळायला पाणी लागतं. डोकी पाण्याखाली गेली, एकामागून एक. एक राहिलं. ते लहान होतं आणि त्याला बुडी मारायला उशीर झाला.

आवाज फार मोठा नव्हता. बोटीच्या तळाला काहीतरी घासल्यासारखं झालं, मग इंजिनाचा सूर क्षणभर जड झाला. बाबांनी त्याच क्षणी इंजिन बंद केलं.

सगळं शांत झालं. पाणी बोटीच्या अंगावर चुबुक चुबुक आपटत होतं.

मागे पाण्यावर लाल रंग पसरत होता. त्याच्या मधोमध राखाडी रंगाचं काहीतरी तरंगत होतं, आणि थोड्या वेळानं त्याच्या शेजारी मोठं डोकं वर आलं. मादीनं पिल्लाला नाकानं ढकललं. ते उलटं झालं. तिनं पुन्हा ढकललं.

छोटी मुलगी बापाच्या पोटात तोंड खुपसून रडायला लागली.

"काय लागलं?" बाबांनी विचारलं. ते मागे वळले होते, पण बघायचं होतं तेच नेमकं पुसलं जात होतं. त्यांचं डोकं इकडून तिकडे हलत राहिलं, डोळ्याच्या कडेतून काही पकडता येतं का ते शोधत.



"ओंडका होता, कप्तान," इंजिनकाका म्हणाले. "भिजलेला. पाण्याखाली होता, दिसला नाही कोणालाच."

तेवढ्यात मादी ओरडली. लांबलचक, घशातून येणारा, वर चढत जाणारा आवाज. ती थांबली, वाट बघितल्यासारखी, आणि पुन्हा ओरडली.

बाबांचं डोकं हलायचं थांबलं. "ओंडक्याला कोणी अशी हाक मारत नाही," ते म्हणाले.

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि ती कुठे ठेवावी ते न सुचल्यासारखी हातात धरून उभे राहिले. बराच वेळ, पाहुण्यांपैकी कोणीतरी "आता काय?" म्हणेपर्यंत, तसेच राहिले. इंजिनकाकांनी लांब काठीनं पाण्याखालच्या पंख्यात काही अडकलंय का ते पाहिलं आणि मान हलवली. बाबांनी टोपी घातली, इंजिन सुरू केलं.

त्या वेळी लेकीनं चाक मागायला हवं होतं. तिच्याकडे परवाना होता. चार वर्षांपूर्वी परीक्षा देऊन मिळवलेला. सुट्टीच्या दिवशी डिझेल भरायला बोट तीच न्यायची. दोन पावलं आत जायचं आणि म्हणायचं, बाबा, द्या इकडे. पण एकोणीस माणसं बघत होती. त्यांच्यादेखत, मागे ती मादी ओरडत असताना, बाबांच्या हातातून चाक काढून घेणं तिच्यानं झालं नाही. बाबा चाकाशी उभे होते आणि त्यांच्यापुढे खाडीतून परत बाहेर पडायची अरुंद वाट होती, दोन्ही बाजूंना खडक.

तिनं मायक्रोफोन वर उचलला.

"डाव्या हाताला," ती म्हणाली. तिचा आवाज फाटला. तिनं पुन्हा सुरुवात केली. "डाव्या हाताला, वीस मीटरवर, सपाट खडक आहे. उजवीकडे मोकळं पाणी आहे."

बोट उजवीकडे सरकली.

"आता समोर, दोनशे मीटरवर, पांढरा कडा. तो आपल्या डाव्या हाताला राहील."

पाहुणे तिच्याकडे बघायला लागले. एकानं दुसऱ्याकडे पाहून भुवया उंचावल्या. ती बोलत राहिली. लाल बोया. दोन सुळके, त्यांच्या मधून नाही, बाहेरून. समोरून येणारी मासेमारीची बोट, उजव्या हाताला, अर्ध्या किलोमीटरवर. पक्ष्यांविषयी ती एक अक्षर बोलली नाही. नुसतं अंतर आणि हात.

छोट्या मुलीचा बाप उठून तिच्यापर्यंत आला. "अहो, काय चाललंय तुमचं?" तो दबक्या आवाजात म्हणाला. त्याचे डोळे लाल झाले होते. "पोर तिकडे रडतेय. आत्ता एक जीव गेला तुमच्या बोटीखाली. आणि तुम्ही आम्हाला खडक दाखवताय? आता तरी गप्प बसा ना."

"नाही बसता येत," ती म्हणाली.

"काय?"

"मला गप्प नाही बसता येत. माफ करा." आणि मायक्रोफोनवर, "डाव्या हाताला, शंभर मीटरवर, पाणकावळ्यांचा खडक."

तो माणूस क्षणभर तिच्याकडे बघत राहिला, वेड्या माणसाकडे बघावं तसा, आणि परत जाऊन बसला. त्यानं मुलीच्या दोन्ही कानांवर हात ठेवले.

धक्का दिसायला लागल्यावर म्हातारी बाई तिच्याजवळ आली. "मी विचारायला नको होतं ना?" ती म्हणाली. "माझ्याशी बोलत होतात म्हणून..."

"नाही हो, तुमचा काही संबंध नाही," लेक म्हणाली. ते खोटं होतं, आणि खरंही होतं. त्या बाईनं तिच्या दंडावर थोपटलं आणि उतरताना सगळ्यांच्या मागे राहून, बाबांच्या दिशेनं हात जोडल्यासारखं काहीतरी केलं. बाबांना ते दिसलं नाही.

तिकिटाच्या खिडकीमागे एक छोटी खोली होती. भिंतीवर भरती-ओहोटीचं वेळापत्रक, खुंटीला रेनकोट, कोपऱ्यात चहाची किटली आणि टेबलावर अभयारण्याच्या कचेरीला पाठवायची नोंदवही. रोज कुठला प्राणी किती, कुठे दिसला, ते त्यात लिहायचं असे. शेवटचा रकाना होता 'दुखापत अथवा मृत्यू'. तो रकाना त्यांच्या वहीत पहिल्या पानापासून कोरा होता.

आईला धक्क्यावरच कळलं होतं. तिनं बाबांना स्टुलावर बसवलं, चहाचा कप त्यांच्या हाताला लावून दिला. इंजिनकाका दारापर्यंत आले, उंबऱ्यात थांबले, "मी बोट धुऊन घेतो," म्हणाले आणि गेले.

लेक वही उघडून बसली. पाणकावळे, अंदाजे चारशे. डॉल्फिन, सात. सील...

"ते नको लिहूस," आई म्हणाली. "उगाच चौकशी लागेल. पाहुण्यांपैकी कोणी तक्रार केली तर बघू."

"लिही," बाबा म्हणाले.

"अहो, पण..."

"लिही म्हटलं ना. पिल्लू, एक. मेलं. आमच्या बोटीखाली. बोट माझ्या हातात होती."

तिनं लिहिलं. शेवटच्या वाक्याला वहीत जागा नव्हती. ते तिनं समासात लिहिलं. बाबांनी चहाचा एक घोट घेतला. खिडकीतून दुपारचं ऊन त्यांच्या गुडघ्यांवर पडलं होतं. त्यांचे हात मोठे, सुजल्यासारखे दिसत होते.

"कड्याचं वाक्य राहिलं तुझं," ते म्हणाले.

पेन थांबलं. दोन वर्षांत हे पहिल्यांदा कोणी तोंडानं म्हटलं होतं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"मग? डोळे गेलेत, कान नाही गेले." ते थोडे हसलेसुद्धा. "खडक साडेतीनशे मीटरवर आहे की चारशे, पाहुण्यांना काय करायचंय? पहिल्या दिवशीच कळलं मला. म्हटलं, पोरगी काही बोलत नाही, तर आपण कशाला बोला. चाललंय ते बरं चाललंय."

आई तिकिटांचा गठ्ठा उगाचच सारखा करत होती.

"आज मी तुझ्या वाक्यासाठी थांबलो होतो," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज खाली गेला. "ती बाई काहीतरी विचारत होती, तू शंखाचं सांगत होतीस. ऐकत होतो मी. मनात म्हटलं, आता कड्याचं बोलेल, आता बोलेल. वेगसुद्धा कमी नाही केला गं मी. तू चुकशील असं वाटलंच नाही."

त्यांनी कप खाली ठेवला. तो टेबलाच्या अगदी कडेला टेकला. आईनं पुढे होऊन तो आत सरकवला.  मग बाबांनी तळव्यानं चेहरा पुसला, वरून खाली, आणि पाठ ताठ केली. कप्तानाचा आवाज परत आला.

"झालं ते वाईट झालं. आपल्या हातून झालं. पण उद्यापासून एक करायचं. कड्याच्या वेळेला तू कोणाशी बोलायचं नाही. कोणी काही विचारू दे, नंतर सांगते म्हणायचं. आणि वाक्य आणखी पन्नास मीटर आधी म्हणायचं, म्हणजे मला सवड मिळेल. एवढं सांभाळलंस की काही होत नाही." ते आईच्या दिशेनं वळले. "उद्या किती आहेत गं?"

"एकवीस," आई म्हणाली. तिनं लेकीकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"एकवीस. बघ. त्यात मुलं असतील. उद्या नीट आवाज लाव."

लेक वहीकडे बघत होती. समासातली शाई अजून ओली होती. दोन वर्षं ती रोज शंभर वाक्यं बोलत आली होती, ती एक वाक्य बोलावं लागू नये म्हणून. बाबांना तिनं डोळे दिले असं तिला वाटत होतं. तिनं त्यांना फक्त चाकाशी उभं ठेवलं होतं, आणि ते तिच्या भरवशावर, वेग कमी न करता, सरळ गेले होते. उद्याही जातील. परवाही जातील. उद्या पुन्हा कोणी तिला काहीतरी विचारेल. किंवा तिला शिंक येईल. किंवा वायर निसटेल.

तिनं वही मिटली. उठून ती बाबांच्या स्टुलासमोर आली आणि जमिनीवर बसली, त्यांच्या गुडघ्यांशी, म्हणजे त्यांना तिचा आवाज नेमका कुठून येतोय ते कळावं.  आईचे हात गठ्ठ्यावर थांबले.

"बाबा," ती म्हणाली, "उद्या मी वाक्यं बोलणार नाही. उद्यापासून बोट मी नेणार. तुम्ही यापुढे बोट चालवायची नाही."